डाव्या पायाजवळची खुंटी

लोणावळे

रा. रा. माधवराव टिपणीस,
ऑनररी सेक्रेटरी, व्हॅली गोल्फ क्लब यांस,

आज रविवार, तारीख १३ नोव्हेंबर १९३८, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, क्लबाच्या सातव्या टेकाडावर, माझा भाचा गंगाधर याची काठी चेंडूवर उतरत असताना आपण "गंगाधर, थांब" अशी आरोळी ठोकलीत. काठी अर्ध्यावर आली होती. अर्ध्यावर आलेली काठी थांबत नाही, हे माझ्या शाळेतल्या चौथीच्या मुलीलाही सांगावे लागले नसते. फटका फसला, चेंडू गवतात चार हातांवर जाऊन बसला, बाकावरची मंडळी हसली आणि दिवाळी कप दुसऱ्याच्या घरी गेला.

वर 'सप्रेम नमस्कार' घातलेला नाही, तो विसरून नव्हे.

खेळाडू फटका मारीत असताना कोणी बोलू नये, हलू नये, त्याच्या अंगावर सावलीही पाडू नये, असा नियम आपल्या क्लबाच्या फळ्यावर लावलेला आहे आणि खाली सही आपली आहे. मी जन्मभर हेडमिस्ट्रेस होते. परीक्षेच्या वर्गात खोकणाऱ्या इन्स्पेक्टरला मी बाहेर उभे केले आहे. आपण तर वकील होता. आपल्याला गप्प बसण्याचे पैसे मिळत नसत हे मी समजू शकते, पण आता आपण निवृत्त आहात.

कपाचे मला काही नाही, तो पितळी आहे. पण त्या बाकावर गंगाधरचे मोठे साहेब बसले होते. घाटातली रेल्वेची लाइन गंगाधरकडे कायमची द्यायची की नाही, हे याच महिन्यात ठरायचे आहे. त्या कामाला पक्क्या पायाचा माणूस लागतो. आपण त्याला साहेबासमोर लडखडवलेत.

आणि त्याच्या खेळण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेही सांगून ठेवते. त्याने हा खेळ धरला तेव्हा मी विलायतेहून पुस्तक मागवून ते अथपासून इतिपर्यंत वाचले आणि त्याला मराठीत समजावून दिले. काठी वर जाताना डावी टाच उचलायची. खाली येताना आधी ती टाच टेकवायची, मग कंबर वळवायची, हात सगळ्यांच्या शेवटी. कमरेखालचे शरीर पक्के असले की हात त्याच्या मागून आपोआप येतात. लोकांना वाटते, चेंडू हातांनी मारतात. गंगाधर तर पुस्तकाच्याही पुढे गेला आहे. चेंडूखाली खुंटी असते, तशी दुसरी एक तो डाव्या पायाच्या चवड्याजवळ रोवतो, पाऊल नेमके कुठे यावे ते दिसावे म्हणून. ही शिस्त त्याची त्याने काढली. आपले सभासद तिला हसतात. मला तिचा अभिमान आहे.

तरी लेखी माफी, आणि तो फटका पुन्हा खेळण्याची परवानगी, या दोन्ही गोष्टी मंगळवारच्या दिवेलागणीच्या आत माझ्याकडे पोचाव्यात.

चंद्रिका कर्णिक

*

लोणावळे, १४ नोव्हेंबर

श्रीमती चंद्रिकाबाईंस माधवरावाचा सप्रेम नमस्कार (मी घालतो).

आपले पत्र क्लबाच्या गड्याने, नथूने, पोचवले. झाल्या प्रकाराबद्दल मला फार वाईट वाटते. त्या वेळी एक म्हैस मैदानात शिरताना दिसली आणि ती चेंडूच्या वाटेत येईल, या भीतीने तोंडातून शब्द निघून गेला. गंगाधरला मी तो एवढासा असल्यापासून ओळखतो. त्याच्या वाईटावर मी कसा असेन? साहेबांनाही मी तसे बोललो आहे. हे प्रकरण आपण मोठ्या मनाने इथेच सोडावे.

थंडी पडू लागली आहे, जपावे.

आपला,
माधव टिपणीस

*

लोणावळे, १५ नोव्हेंबर

रा. रा. माधवराव यांस,

म्हैस कोणत्या रंगाची होती?

मी बाकाच्या टोकाला छत्री घेऊन बसले होते. समोर दरी, मागे क्लबाचे कुंपण, आणि सगळ्या मावळात भातकापणी चालू असताना कोणाचे जनावर तिथे मोकळे हिंडते? आपला नथूसुद्धा टाकव्याहून कापणी अर्धी टाकून आपल्या सामन्यासाठी आला होता. त्याला मी आज विचारले. तो म्हणाला, "म्हस कुटली, बाई? हितं तर शेळी बी फिरकली न्हाई." मग माझ्याकडे बघून त्याने जीभ चावली, कारण महिन्याच्या महिन्याला त्याला पैसे आपण देता. त्याला रागावू नये.

आपण कोर्टात असे बोलत असाल तर आपली अशिले तुरुंगात कशी गेली, ते आता कळले. खरे कारण लिहावे. गंगाधर रविवारपासून माझ्याकडे फिरकलेला नाही. तो रविवारच्या प्रकाराबद्दल एक शब्दही बोलला नाही, चिडला नाही, उलट हसला. हे मला त्या आरोळीपेक्षा जास्त खटकते. आपल्याला काही ठाऊक असेल आणि ते मला सांगायचे टाळत असाल तर तसे लिहा. मी घाबरणाऱ्यांतली नाही.

चंद्रिका कर्णिक

*

लोणावळे, १६ नोव्हेंबर

चंद्रिकाबाई,

म्हैस नव्हती. आता जे लिहितो ते वाचून आपण माझ्याशी बोलणे सोडाल, म्हणून म्हैस आणली होती.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. लांबचा चेंडू मला दिसत नाही. पण खेळ बघण्याची सवय जात नाही, म्हणून मी जवळचे बघतो, म्हणजे पाय. सगळे चेंडूच्या मागे मान वळवतात तेव्हा मी मारणाऱ्याच्या बुटांकडे बघत असतो. दसऱ्यापासून गंगाधरचा डावा पाय मला बरा वाटत नाही. काठी वर जाते तोवर सगळे ठीक असते. ती खाली येऊ लागली की अंगाचे सगळे वजन एकदम डाव्या पायावर येते, आणि तिथे त्याचा गुडघा मेणाचा असल्यासारखा आत वळतो. कधी टाच पडते, कधी नुसता चवडा, कधी पाऊल दुसरीकडेच. तो हातांच्या जोरावर सावरतो. हात त्याचे चांगले आहेत.

सातवे टेकाड आपण पाहिले आहे. चेंडू दरीवरून पलीकडे मारायचा असतो. डावा पाय कड्याकडे येतो, आणि कड्याला कठडा नाही. रविवारी त्याचा पाय खुंटीच्या पुढे पडला. मला वाटले, गेला. नियम आठवला नाही.

आता खरे वाईट. एवढ्या सकाळी ज्या तरुण माणसाचे पाय असे पडतात, त्याची रात्रीची उतरलेली नसते, असे मी समजत होतो. माझ्या धाकट्या भावाचे पाय असेच पडत. आपल्याला कसे सांगावे हे कळेना. घाटातले काम, पुलावरून चालणे, आणि त्यात ही सवय, म्हणून मी काळजीत आहे. साहेबांशी मी याबद्दल अक्षरही बोललेलो नाही.

फटका पुन्हा खेळायची आपली मागणी मान्य. येत्या रविवारी, त्याच वेळी. टेकाडावरची जागा मात्र मी कड्यापासून बरीच मागे घेणार. एकच विनंती आहे. आपण चेंडूकडे बघू नका. ते काम बाकीचे करतील.

माधव

*

लोणावळे, १७ नोव्हेंबर

माधवराव,

दारू!

ज्या मुलाला मी त्याची आई गेल्यापासून वाढवला, जो दर रविवारी माझ्या ताटाशेजारी बसून जेवतो, त्याच्या तोंडाचा वास मला येत नाही, आणि बारा हातांवरून आपल्याला येतो? आपल्या भावाबद्दल मला वाईट वाटते. पण त्याचे पाय माझ्या भाच्याला लावू नका.

गंगाधर दमलेला असतो, एवढेच. घाटात दिवसभर रुळांवरून चालायचे, कधी ट्रॉलीवर, कधी बोगद्यात चिखलातून. श्रावणात तो ट्रॉलीवरून पडलाही होता. कमरेला मुका मार लागला, चार दिवसांत बरा झाला. शिवाय माघात त्याचे लग्न आहे, तळेगावच्या अनसूयेशी. मुलगी मला पसंत आहे, कारण ती मला घाबरत नाही. लग्न ठरलेल्या माणसाचे लक्ष ठिकाणावर नसते. गेल्या महिन्यात तो बागेतून आत जेवायला आला तो एकाच चपलेने. दुसरी बाहेर पायरीवर राहिली होती आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. आम्ही किती हसलो.

आणि तो लेचापेचाही नाही. माझ्याकडे कामाला आहे ती वडिवळ्याची सरुबाई. तिने मागच्या आठवड्यात त्याच्या टाचेतून बाभळीचा काटा काढला, बोटाच्या पेराएवढा. मला सांगत होती, "सायेब लय सोशीक, बाई. मी काटा वडला तरी हूं न्हाई की चूं न्हाई, पेपर वाचीत बसलं व्हतं." असा माणूस दारू पीत असेल?

रविवारी मी त्याच्या पायांकडेच बघेन, आपले म्हणणे खोटे ठरवण्यासाठी. त्यानंतर तो शब्द आपण लेखी मागे घ्यायचा आहे.

चंद्रिका कर्णिक

ता. क. पत्र बंद करण्याआधी काट्याचा मजकूर पुन्हा वाचला. शिवणाच्या सुईने काढला तरी आपण 'हाय' म्हणतो. उगाच मनात आले.

*

लोणावळे, रविवार, २० नोव्हेंबर

माधवराव,

आपण सकाळी माझ्याशी बोलायला आलात तेव्हा मी छत्री उघडून चालती झाले. तो अपमान नव्हता.

मी काय पाहिले ते लिहून काढते, म्हणजे तरी नीट दिसेल.

आपल्या त्या पारशी सभासदाने दुसऱ्या खुंटीला हरकत घेतली. नियमात बसत नाही म्हणाला. मी वाद घालायला उठले होते. गंगाधर म्हणाला, "राहू दे, आत्या," आणि खुंटी उपटून खिशात टाकली. मग तो पवित्रा घेऊन उभा राहिला. त्याने चेंडूकडे पाहिले नाही, डाव्या बुटाकडे पाहिले, आंधळा माणूस काठीने पायरी चाचपतो तसे डोळ्यांनी चाचपले. इतके दिवस मी त्याला शिस्त म्हणत होते. तो पाऊल शोधीत होता.

काठी वर गेली, टाच उचलली. काठी खाली आली. टाच टेकलीच नाही. पाऊल आडवे पडले, बुटाचा तळ पलीकडच्या बाजूला दिसला, आणि त्या मुरडलेल्या घोट्यावर त्याच्या सगळ्या अंगाचा भार आला. गवतात काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. तेवढ्यात चेंडू सुटला आणि सगळी मंडळी उठून टाळ्या वाजवू लागली. फटका फार सुरेख बसला म्हणतात. साहेबही उठले होते.

गंगाधर पायाखाली पाऊल तसेच मुडपलेले ठेवून उभा होता आणि चेंडूकडे बघून हसत होता. दातओठ खाऊन नव्हे, माधवराव. अगदी मोकळे हसत होता. त्याला ठाऊकच नव्हते. मग त्याने खाली पाहिले, आणि पाहिल्यावर पाऊल सरळ केले.

ही दारू नाही. दारू प्यायलेल्याला दुसऱ्या दिवशी तरी दुखते.

चहाला थांब म्हटले तर कामाचे निमित्त सांगून तो खंडाळ्याला निघून गेला. सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, मोठे साहेब त्याला घेऊन घाटातला पूल तपासणार आहेत. पायी. त्यानंतर नेमणूक. हे मला त्याच्याकडून नव्हे, साहेबांच्या मडमेकडून कळले. मी पुलाचा विचार करते आहे. दोन्ही बाजूंना काही नाही.

आरोळीबद्दलची माझी तक्रार मी मागे घेते. दारूबद्दलचा शब्द आपण मागे घ्यायचा, तो लेखीच. आणि आपली मोटार एका दिवसापुरती लागेल. कशाला ते विचारू नये.

चंद्रिका

*

लोणावळे, २१ नोव्हेंबर

चि. गंगाधर यास अनेक आशीर्वाद.

काल तू चहाला थांबला नाहीस. सरुबाईने तुझ्यासाठी घावन केले होते, ते मी रागाने खाल्ले.

डावा बूट काढला असशील तर घोटा केवढा झाला आहे ते बघ. मी तुला 'दुखतो का' असे विचारत नाही, 'बघ' म्हणते. आता तुला कळलेच असेल की मला काय कळले आहे.

केव्हापासून?

आत्या

*

खंडाळे, बुधवार, २३ नोव्हेंबर

ती. चंद्रिका आत्यास गंगाधरचा सा. न. वि. वि.

घोटा नारळाएवढा झाला आहे. बूट कापून काढावा लागला. तुझ्यापासून काही लपत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी दर वेळी लपवून बघतो.

श्रावणात ट्रॉलीवरून पडलो, त्यानंतर काही आठवड्यांनी पावलाला मुंग्या येऊ लागल्या. वाटले, जातील. भाद्रपदात एकदा कडक चहा पायावर सांडला. गड्याने पुसायला घेतला तेव्हा मला समजले. आता गुडघ्याखाली डावा पाय माझा नाही असे वाटते. तो दिसतो तोवर चालवता येतो. अंधारात, बोगद्यात, कंदील धरून पायाकडे बघत चालतो. गँगवाले समजतात, साहेब रुळांचे खिळे तपासतात.

गोल्फ मी उगाच धरून ठेवलेला नाही. तू पुस्तकातून वाचून दाखवलेस, काठी खाली येताना भार डाव्या पायावर येतो, आणि तो पाय पक्का नसेल तर बाकी सगळे फुकट. मला वाटले, सवय करायला हीच जागा. तिथे मऊ गवत असते, पडलो तरी लोक हसतात आणि विसरतात. चालताना भार थोडा थोडा येतो, लबाडी करता येते. त्या फटक्यात तो एका क्षणात येतो. तो क्षण मला न बघता साधता आला, तर पुलावरही साधेल, असे मी ठरवले होते. खुंटी आधी जवळ, मग थोडी लांब, मग खुंटीशिवाय. रविवारी खुंटी काढली तेव्हा म्हणूनच मी गप्प राहिलो. चेंडू उडाला तेव्हा मला वाटले, साधले. मी किती खूश झालो होतो ते तुला काय सांगू.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला दोन दिवस लागले ते. पोटरीवर एक फिकट डाग आहे. रुपयाएवढा. पूर्वीपासून असेल, मी कधी बघितले नसेल. पण हल्ली रोज सकाळी बघतो. तिथे टाचणी टोचली तरी कळत नाही. बाकी पायावरही कळत नाही, म्हणजे त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आत्या, बधिर पाय आणि फिकट डाग म्हणजे लोक काय म्हणतील ते तू जाणतेस. डॉक्टरकडे गेलो आणि त्याने तो शब्द उच्चारला, की नोकरी गेली, बंगला गेला, अनसूयेच्या घरचे दार बंद. उद्यापासून माझी भांडी वेगळी होतील. तो काही बोलला नाही तोवर मी माणसांत आहे.

सोमवारी पूल आहे. साहेब पुढे चालतील, मी मागे. उजेड असेल, मला पाय दिसेल. घोटा पट्टीने घट्ट बांधीन. नेमणूक हातात पडली की आपण सावकाश बघू. तोवर कोणाला काही बोलू नकोस, अनसूयेला तर नाहीच. एवढे माझ्यासाठी कर.

तुझा,
गंगाधर

*

लोणावळे, २३ नोव्हेंबर

चंद्रिकाबाई,

गंगाधर पितो असे मी समजलो आणि आपल्याला लिहिले, ते मी पूर्णपणे मागे घेतो. तसे दुसऱ्या कोणाला बोललो नव्हतो. सही खाली आहे.

मोटार आणि बजरंग ड्रायव्हर आपल्या दारात हजर राहतील, म्हणाल त्या दिवशी, म्हणाल तेव्हा. कशाला ते मी विचारलेले नाही. पुणे असेल तरी घाई नको, बजरंग वेगाने हाकतो, त्याला दम द्यावा. तो तुम्हाला घाबरेल.

माधव टिपणीस

*

लोणावळे, गुरुवार, २४ नोव्हेंबर १९३८

चि. गंगाधर,

तुझे पत्र काल संध्याकाळी आले. मी ते वाचले, देवापाशी दिवा लावला, पुन्हा वाचले आणि मग सरुबाईवर कारण नसताना ओरडले. आज सकाळी तिची समजूत काढली आहे.

'तो शब्द' असे तू लिहितोस. महारोग. घे, मी लिहिला. कागद जळला नाही. कॉन्व्हेंटात असताना ईस्टरच्या आधीच्या उपासांत सिस्टर आम्हा मुलींना महारोग्यांच्या आश्रमात पट्ट्या गुंडाळायला नेत असत. तिथे एक म्हातारी होती, तिने स्वतःच्या हाताने करंजी करून मला दिली. मी अकरा वर्षांची होते. मागे सिस्टर उभी होती म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती, मी खाल्ली. आज मी साठीला आले आहे आणि माझ्या दोन्ही पायांवर उभी आहे. तेव्हा त्या शब्दाने मला घाबरवायचा बेत सोडून दे.

तुला महारोग आहे असे मी म्हणत नाही. नाही असेही म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. तूही नाहीस, ही गोष्ट तू श्रावणापासून विसरला आहेस. तू कमरेवर पडलास आणि त्यानंतर पाय गेला, हे मला डागापेक्षा जास्त दिसते. पण मला आजवर काय काय दिसले ते तू पाहिलेच आहेस. तुझ्या पायाजवळची खुंटी मी शिस्त म्हणून पत्रात मिरवली होती.

उजेड असेल, पाय दिसेल, म्हणतोस. गंगाधर, पूल तपासायचा तर पूल बघावा लागेल, साहेब हात दाखवतील तिकडे बघावे लागेल, खाली दरीत खांबांकडे बघावे लागेल. पायांकडे कोण बघेल? गवतावर पाऊल मुरडले तेव्हा तू टाळ्या ऐकत होतास. तू पडलास हे तुला पडल्यावरही कळायचे नाही. मला मात्र तुझ्या आधी कळलेले असेल. ते घेऊन मी किती वर्षे बसू?

नेमणूक जाईल. जाऊ दे. तुझ्या आईने तुला माझ्या ओटीत घातला तेव्हा रेल्वेची नेमणूक बरोबर दिली नव्हती. भांडी वेगळी होतील म्हणतोस. कोणाच्या घरात? माझ्या घरात ताटे मी मांडते. तुझे ताट माझ्या ताटाशेजारी आहे आणि तिथेच राहील, डॉक्टर काहीही म्हणो. ज्याला पंक्तीला बसवत नसेल त्याने उठावे. मी त्याला दार उघडून देईन, तेवढे शिष्टाचार मला शिकवलेले आहेत.

अनसूयेला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचे आहे, डॉक्टरकडून आल्यावर, तिच्या तोंडावर, लग्नाच्या आधी. ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, आणि त्याची मला काळजी वाटते, ते लपवीत नाही. पण तिला न सांगता माघात तिच्यासमोर अंतरपाटामागे उभा राहिलास तर त्या मांडवात तुझी आत्या नसेल.

आता ऐक. शुक्रवारी मी पुण्याच्या डॉक्टरांना तार करते. ते पूर्वी माझ्या शाळेच्या मुली तपासायला येत, हातोडीने गुडघे ठोकून बघतात, आणि तोंड बंद ठेवतात. रविवारी सकाळी सहा वाजता माधवरावांची मोटार खंडाळ्याला तुझ्या दारात येईल. आत मी असेन. माधवरावांना डागाबद्दल एक अक्षर माहीत नाही. त्यांनी विचारलेही नाही, हे त्या वकिलाबद्दल मी चांगले म्हणून नोंदवते. साहेबांना आजच लिही की घोटा मुरगळला आहे, सोमवारी पूल जमणार नाही. हे खोटेसुद्धा नाही. साऱ्या क्लबाने तो मुरगळताना पाहिला असता, जर एकाने तरी खाली पाहिले असते.

येणार नसशील तर माझा सोमवारचा बेत सांगून ठेवते. मी पहाटेच्या गाडीने खंडाळ्याला येईन, पुलाच्या तोंडाशी तुझ्या ट्रॉलीवर नऊवारी नेसून छत्री उघडून बसेन, आणि तुझ्या मोठ्या साहेबांना कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सांगेन की या पुलावर आज माझ्या भाच्याने पाय ठेवायचा नाही. कारण विचारले तर कारणही सांगेन. मी हे करीन की नाही, याचा विचार तू कर. तू मला ओळखतोस.

उत्तर लेखी हवे, तुझ्या अक्षरात, शनिवार, २६ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या हातात. नथूला मी खंडाळ्यापर्यंत पाठवते, तो थांबून घेऊन येईल. 'काळजी करू नकोस' हे उत्तर धरले जाणार नाही. 'बघू' हेही नाही. 'येतो' एवढेच लिही.

पाच वाजेपर्यंत मी फाटकाशी उभी आहे.

तुझी,
चंद्रिका आत्या